मक्याच्या देशातला नागपूरकर प्राध्यापक

1906 साली नागपूरला सरकारी कृषी महाविद्यालय मिळालं. महाराजबागेच्या हिरव्या परिसराशी त्याचं नाव आजही जोडलेलं आहे. मध्य प्रांतातल्या मुलांना शेतीचं शास्त्र शिकायला आता प्रांत सोडण्याची गरज उरली नव्हती. नेमक्या त्याच सुमारास वर्ध्याच्या एका मराठी कुटुंबातला, नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात शिकलेला विशीतला तरुण शेतीच शिकण्यासाठी जहाजात बसला. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. तो सुमारे चार दशकांनी परतला, तेव्हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवून त्याचे केस पिकले होते आणि जगातल्या एका मोठ्या चित्रकाराने त्याला भिंतीवर रंगवलेलं होतं.

दारात कॉलेज उघडत असताना हा तरुण समुद्रापार का गेला, याचं उत्तर त्या काळच्या नागपूर-वर्ध्याच्या परिस्थितीत सापडतं.

विदर्भाच्या शेतकऱ्याने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ सोसले होते. 1901 ची जनगणना झाली तेव्हा मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. वर्धा, हिंगणघाटचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून परदेशी जात होता, पण तो पिकवणाऱ्याच्या घरी ज्वारीचा दाणा नव्हता. वऱ्हाडात रयतवारी होती, तर नागपूर-वर्ध्याकडे मालगुजारी. सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा धनी आणि कसणारा त्याच्या मेहेरबानीवर, अशी ती व्यवस्था. वर्ध्यात वाढणाऱ्या मुलाला भूक आणि सत्ता यांचा संबंध समजण्यासाठी पुस्तक उघडावं लागत नव्हतं.

त्यात राजकारण पेटलेलं. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली आणि त्याच वर्षी जपानने रशियाला हरवलं. आशियातला देश युरोपातल्या साम्राज्याला नमवू शकतो, ही बातमी शाळकरी मुलांच्याही अंगावर रोमांच आणणारी होती. नागपूर तेव्हा जहाल-मवाळांच्या ओढाताणीत इतकं तापलं की 1907 चं काँग्रेस अधिवेशन इथून हलवून सुरतेला न्यावं लागलं. खानखोजे लोकमान्यांना मानणारे. सशस्त्र लढ्याची स्वप्नं पाहणाऱ्या या मुलाला टिळकांनीच बाहेर जाऊन लष्करी शिक्षण घेण्याचा सल्ला दिला, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. सरकारी कृषी महाविद्यालयाचा पदवीधर बहुधा सरकारच्याच शेतकी खात्यात नोकरीला लागणार, हे उघड होतं. खानखोज्यांना नांगर हवा होता आणि बंदूकही, आणि एकाच ठिकाणी दोन्ही मिळण्याची शक्यता इंग्रजांच्या राज्याबाहेरच होती.

मग अमेरिकाच का? विलायतेला जाणारा हिंदी विद्यार्थी सहसा बॅरिस्टर किंवा आयसीएस होण्यासाठी जाई आणि त्यासाठी घरची श्रीमंती लागे. अमेरिकेचं गणित वेगळं होतं. तिथल्या संसदेने 1862 मध्ये मॉरिल कायदा करून प्रत्येक राज्याला सरकारी जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालयं उभी करायला सांगितलं. या महाविद्यालयांत शेतकऱ्यांची मुलं शिकत. विद्यार्थ्याने फळं तोडून, भांडी घासून, शेतावर राबून फी भरण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. कलकत्त्यात 1904 मध्ये एक संस्था स्थापन होऊन हिंदी विद्यार्थ्यांना शास्त्र व उद्योगांच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवू लागली. 1907 मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून अमेरिकेतले विद्यार्थी तिथला खर्च, काम आणि अडचणी यांची माहिती देऊ लागले. रवींद्रनाथ ठाकुरांनी मुलगा रथींद्रनाथ याला 1906 मध्ये शेती शिकायला पाठवलं, तेही इलिनॉयला. कवीच्या मुलाला आणि वर्ध्याच्या मुलाला एकाच वेळी अमेरिकन शेतकी कॉलेज गाठावंसं वाटावं, यात त्या पिढीची नाडी कळते.

भूकंपाने आणि आगीने 1906 मध्ये उद्ध्वस्त झालेलं सॅन फ्रान्सिस्को पुन्हा उभं राहत होतं, त्या काळात खानखोजे कॅलिफोर्नियात पोहोचले. बर्कलेच्या विद्यापीठात हिंदी विद्यार्थ्यांचा लहानसा पण बोलका गट होता. शिक्षणाच्या जोडीला त्यांनी सॅन राफेल इथल्या माउंट तामालपाइस लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला. कवायत, नेमबाजी आणि युद्धशास्त्र, म्हणजे घर सोडताना ठरवलेल्या दोन विद्यांपैकी एक त्यांना तिथे मिळाली. दुसरीसाठी ते उत्तरेला ऑरेगॉनमध्ये गेले. तिथे कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे पुलमन इथल्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात त्यांचं शेतीचं शिक्षण झालं.

पुलमनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. या गावाभोवती पालूसच्या टेकड्या पसरल्या आहेत आणि त्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल गहू. पावसाच्या पाण्यावर मोठं पीक काढण्याची विद्या तिथे रोजच्या अभ्यासाचा भाग होती. याच कॉलेजातल्या विल्यम स्पिलमन नावाच्या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गव्हाच्या जातींचा संकर करताना आनुवंशिकतेचे नियम स्वतंत्रपणे शोधून काढले होते. मेंडेलचं विस्मृतीत गेलेलं काम युरोपात पुन्हा उजेडात येत होतं, तोच हा काळ. दोन जाती एकत्र केल्या तर पुढच्या पिढीत कोणते गुण किती प्रमाणात उतरतील हे आधी सांगता येतं, ही कल्पना तेव्हा अगदी ताजी होती. स्पिलमन खानखोजे येण्याआधीच सरकारी नोकरीत वॉशिंग्टनला निघून गेले, पण त्यांनी घालून दिलेली वाट पुलमनमध्ये वाहती होती. कोरडवाहू विदर्भातून आलेल्या विद्यार्थ्याला याहून उपयोगी शाळा मिळणं कठीण होतं.

हे सगळं शांत वातावरणात घडत होतं असं मात्र नाही. सप्टेंबर 1907 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना घराबाहेर खेचून मारहाण केली आणि गावातून हुसकून लावलं. आशियाई लोकांना देशात येऊच देऊ नये म्हणून संघटना निघाल्या होत्या, मोहिमा चालल्या होत्या. त्याच पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात लाला हरदयाळ 1912 मध्ये हिंदी तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत होते. वर्गात आशियाई विद्वानाला मान आणि रस्त्यावर आशियाई मजुराला दगड, अशी ही अमेरिका होती. हिंदी विद्यार्थ्याला दोन्ही अनुभव येत, कारण सुट्टीत तोही त्याच गिरण्यांत आणि बागांत राबायला जाई.

गिरण्यांतल्या मजुरांशी झालेल्या ओळखीतूनच मोठी गोष्ट घडली. पोर्टलंडच्या आसपासच्या गिरण्यांत सोहनसिंग भकना, पंडित काशीराम यांसारखी माणसं होती. पंजाबच्या गावांतून आलेल्या या कामगारांतले पुष्कळ जण ब्रिटिश फौजेत नोकरी करून आलेले, त्यामुळे बंदूक चालवणं त्यांना ठाऊक होतं. खानखोजे त्यांच्यात मिसळले. जगभरच्या घडामोडींची खबर असलेला विद्यार्थी आणि हातात बळ असलेला कामगार यांची ही गाठ होती. 1913 मध्ये ऑरेगॉनमध्येच हिंदी असोसिएशन स्थापन झाली आणि त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ हे पत्र निघालं. पत्राच्या नावावरूनच पक्ष ओळखला जाऊ लागला. त्यात खानखोज्यांकडे लष्करी बाजू होती. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे हाही याच वर्तुळातला विद्यार्थी, इंजिनिअरिंग शिकायला आलेला. महायुद्ध सुरू होताच पिंगळे हिंदुस्थानात परतला. मार्च 1915 मध्ये मेरठच्या छावणीत तो बॉम्बसह पकडला गेला आणि 16 नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात गदरच्याच कर्तारसिंग सराभासह फासावर चढला. पिंगळ्याची आठवण महाराष्ट्राने पुरेशी जपलेली नाही, हे इथे नोंदवल्यावाचून पुढे जाववत नाही.

खानखोजे दुसऱ्या वाटेने गेले. तुर्कस्तानमार्गे ते इराणमध्ये शिरले. दक्षिण इराणातल्या टोळ्यांना इंग्रजांविरुद्ध उभं करून बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानची सीमा गाठायची, असा बेत होता. नाव बदललं, वेश बदलला. लढाया झाल्या, जखमा झाल्या, पकडलं जाणं आणि निसटणंही झालं. त्या वर्षांची हकिगत त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रात विस्ताराने दिली आहे. मराठी वाचकाला वीणा गवाणकरांचं ‘नाही चिरा...’ हे पुस्तक माहीत असेलच. इराणमधली ही मोहीम फसल्यावर बर्लिन आणि 1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त या क्रांतिकारकांबरोबर मॉस्को, अशी भटकंती झाली. मॉस्कोत हिंदी क्रांतिकारकांचे आपसांतले वाद मिटले नाहीत आणि हाती ठोस काही लागलं नाही.

आता जायचं कुठे? हिंदुस्थानात पाय ठेवला तर अटक ठरलेली. अमेरिकेने 1917 च्या कायद्याने बहुतेक आशियाला दार बंद केलं होतं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गदरवाल्यांवर खटला भरला गेला. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निवाडा दिला. ज्या देशाने शेती शिकवली, तिथे आता राहण्याचीही सोय उरली नाही. 1924 च्या सुमारास खानखोजे त्या देशाच्या दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे, मेक्सिकोत पोहोचले.

मेक्सिको दहा वर्षांच्या रक्तरंजित क्रांतीतून बाहेर पडला होता. प्रचंड जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी वाटायच्या, असं 1917 च्या राज्यघटनेने ठरवलं होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्या माणसाला जमीन दिली की काम संपत नाही. बियाणं, खत, पाणी, कर्ज, बाजार हे सगळं त्याला एका दिवसात स्वतः ठरवावं लागतं. म्हणून शेतीच्या शिक्षणाला तिथे अचानक फार मोल आलं. मेक्सिको शहराजवळ तेश्कोको भागात चापिंगो नावाची एक मोठी जहागीर होती, एके काळी ती एका राष्ट्राध्यक्षाच्या ताब्यात होती. सरकारने राष्ट्रीय कृषी विद्यालय तिथेच हलवलं. जमिनीचा वापर शिकवा, माणसाला राबवून घेणं शिकवू नका, अशा अर्थाचं या विद्यालयाचं ब्रीद आहे. मालगुजारीच्या गावांतून आलेल्या माणसाला ते किती जवळचं वाटलं असेल!

कॅलिफोर्नियाच्या दिवसांत मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेल्या ओळखी इथे कामी आल्या. खानखोजे चापिंगोत वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा शिकवू लागले. त्यांचं वय चाळिशीच्या आसपास होतं. इतकी वर्षं हाती बंदूक होती, आता खडू आला. वर्गात शिकवायचं ते स्पॅनिशमध्ये.

मेक्सिको हे मक्याचं मूळ घर. तिथली खेडी आजही मक्याच्या भाकरीवर जगतात. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते तिथे शेताच्या बांधावर उगवतो. ज्याला संकराचं शास्त्र येतं, त्याच्यासाठी ही खाणच. खानखोज्यांनी रानटी आणि लागवडीच्या जातींचे गुण एकत्र आणण्याचे प्रयोग केले. उंच पठारावरचं दंव आणि पावसाचा ताण सोसू शकतील अशा मक्याच्या आणि गव्हाच्या जाती शोधल्या. त्यांच्या एका मक्याचं नाव ‘ग्रानादा’, म्हणजे डाळिंब. त्याच्या कणसाची रचना नेहमीच्या कणसापेक्षा वेगळी, दाण्यांच्या अनेक गुच्छांची होती. त्याचे फोटो काढले तीना मोदोत्ती हिने. ही इटालियन छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत राहत होती आणि आज विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांत तिची गणना होते. तिने फुलं, हात आणि कामगार टिपले, तशाच एकाग्रतेने हे कणीसही टिपलं. खानखोज्यांनी या संशोधनावर स्पॅनिशमध्ये पुस्तिकाही प्रसिद्ध केल्या.

पण त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग चापिंगोच्या भिंतींबाहेर होता. कॉलेजात येऊ शकणारा मुलगा शंभरात एखादा असतो. उरलेल्यांनी काय करायचं? शेतकरी संघटनांच्या मदतीने खानखोज्यांनी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोफत शेतीशाळा सुरू केल्या. त्या गावांत भरत आणि त्यांत थेट कसणारा माणूस शिके. बियाणं निवडणं, जमीन तयार करणं, कीड ओळखणं हे सगळं त्याच्याच शेतावर दाखवायचं, ही पद्धत. यांतल्या एका शाळेला क्रांतिकारक शेतकरी नेता एमिलियानो झापाता याचं नाव दिलं होतं. वर्गात पाठ केलेलं शास्त्र आणि बांधावर उपयोगी पडणारं शास्त्र यांत किती अंतर असतं, हे पुलमनच्या गव्हाच्या शेतात शिकलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या कॉलेजांकडून घेतलेलं सर्वांत चांगलं ते त्यांनी मेक्सिकोच्या मातीत आणखी खाली, अगदी गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत नेलं.

हे सगळं दिएगो रिवेरा जवळून पाहत होता. मेक्सिकोचा हा महान भित्तिचित्रकार त्याच वर्षांत चापिंगोच्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर जमीन, बी आणि क्रांती रंगवत होता. राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवरही त्याचं काम चाललेलं. तिथल्या ‘आमची भाकरी’ या 1928 मधल्या चित्रात मेजाभोवती कष्टकरी, स्त्रिया, मुलं बसली आहेत आणि भाकरी मोडून वाटणारा माणूस आहे पांडुरंग खानखोजे. नेहमी या जागी येशू किंवा एखादा संत असायचा. रिवेराने तिथे शेतीचा शिक्षक बसवला, आणि तोही परदेशी. मेक्सिकोने या माणसाला किती आपलं मानलं, याचा याहून ठळक पुरावा सापडणं कठीण.

1936 मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. घर बसलं, पण स्वदेशाचं दार बंदच होतं. इंग्रज सरकारने त्यांना परतू दिलं नाही. तारुण्य आणि उमेदीची सगळी वर्षं बाहेर गेली.

स्वातंत्र्यानंतरही जुनी बंदी कागदोपत्री तशीच राहिली होती, त्यामुळे भारतात येताना सुरुवातीला आडकाठी झाली आणि ती दूर व्हायला वेळ लागला. 1949 मध्ये ते आले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती आणि तिथल्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं होतं. तो काळही लक्षात घेण्यासारखा आहे: मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी अंमलात आला. जमीनदारी मोडल्यावर कसणाऱ्याला शास्त्राची साथ कशी द्यायची, या प्रश्नावर पंचवीस वर्षं काम केलेला जाणता माणूस नेमका त्या क्षणी नागपुरात होता. त्यांच्या अनुभवाचा उपयोग जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही, असंच म्हणावं लागतं. गावोगावच्या मोफत शेतीशाळा विदर्भात उभ्या राहिल्या नाहीत. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, फायली हलल्या. खानखोजे मात्र 1950 च्या दशकात कायमचे नागपूरकर झाले. जानेवारी 1967 मध्ये याच शहरात त्यांचं निधन झालं.

त्या हंगामात देशात वेगळंच काही घडत होतं. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं होतं, लेर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या जातींचं. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या या जातींनी पंजाबचं चित्र पालटलं. ज्या अमेरिकन-मेक्सिकन प्रकल्पात बोरलॉग 1944 मध्ये दाखल झाले, त्याचं चापिंगो हे एक मुख्य केंद्र होतं. बुटकेपणाचा गुण आला जपानच्या नोरिन-10 या गव्हातून. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बियाणं अमेरिकेत पोहोचलं आणि ऑर्व्हिल व्होगेल या संशोधकाने त्याचा स्थानिक गव्हाशी संकर केला तो पुलमनमध्ये. तिथून ते मेक्सिकोला आणि मग भारतात आलं. जपान, पुलमन, मेक्सिको, भारत: खानखोजे ज्या क्रमाने फिरले, त्याच क्रमाने हा गहूही फिरला. बोरलॉग यांच्या कामाचं श्रेय खानखोज्यांना देणं चूक ठरेल. पण चापिंगोतली पीकसुधारणा अमेरिकन तज्ज्ञांच्या आगमनाने सुरू झाली, हा समज मात्र सोडायला हवा. त्यांच्या वीस वर्षं आधी विदर्भातला एक माणूस तिथल्या विद्यार्थ्यांना संकर शिकवत होता.

सप्टेंबर 2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि मराठी वर्तमानपत्रांतून हे नाव पुन्हा काही दिवस झळकलं. पुतळा तिथे झाला हे योग्यच. इकडे राहिलेलं काम वेगळं आहे. मक्यावरच्या त्यांच्या स्पॅनिश पुस्तिका, शेतीशाळांचे अभ्यासक्रम आणि मोदोत्तीचे ते फोटो मराठीत, नागपूर-अकोल्याच्या कृषी विद्यार्थ्यांच्या हाती पडतील असे छापले गेले पाहिजेत.